विषय : गट ‘क’ मधील तुर्कस्तान

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की लोक टीव्हीची केबल नीट करून घेतात. आमचे बडेबाबू फायली उघडायचे. खऱ्याखुऱ्या सरकारी फायली. आठ गट, आठ फायली. जाड पुठ्ठा, आत टिपणीचे कागद, कोपऱ्यात टॅगची गाठ आणि पहिल्याच ओळीत ठसठशीत अक्षरात ‘विषय :’. त्याखाली चारही देशांची परिस्थिती, मग अभिप्राय, आणि शेवटी कोणत्या दोन देशांना पुढच्या फेरीत पाठवावं याची शिफारस. तळाशी ‘आदेशार्थ सादर’. आदेश कोण देणार होतं, देव जाणे.

भंडाऱ्यात ज्या ऑफिसात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, तिथले ते हेडक्लार्क. आमच्याकडे हेडक्लार्कला बडेबाबू म्हणतात, आणि यांना तर यांची बायकोही बडेबाबूच म्हणायची. उंच, काटकुळे, बारा महिने पांढरा हाफ शर्ट. खिशात तीन पेनं : निळं, काळं, लाल. हिरवं नाही, कारण हिरव्या शाईवर हक्क साहेबांचा. कुणी गंमत म्हणून हिरवं पेन पुढे केलं तर विंचू पाहिल्यासारखा हात मागे घ्यायचे.

मी लागले तेव्हा जिल्हा फुटून फार दिवस झाले नव्हते. गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या ऑफिसाच्या वाटण्या बडेबाबूंनी केल्या होत्या. कोणती फाइल तिकडे, कोणती इकडे; कोणता कारकून तिकडे, कोणता पंखा इकडे. वाटणी इतकी चोख, की दोन्हीकडून कुणी चूं केलं नाही. एकच गोष्ट राहून गेली. चार लोखंडी कपाटं ट्रकात चढून गोंदियाला गेली आणि त्यांच्या किल्ल्या बडेबाबूंच्या पँटच्या खिशात इथंच राहिल्या. तिकडच्यांनी शेवटी कुलपं फोडून नवी बसवली. पण यांनी त्या किल्ल्या टाकल्या नाहीत. कुणी त्यांच्या कामाची तारीफ केली की खिशातून जुडगा काढून खुळखुळ वाजवायचे आणि म्हणायचे, “एवढं शहानं नका समजू बाप्पा मले.”

तर असा वाटण्या केलेला माणूस विश्वचषकाचे गट बघायचा. “गट कोनाले मागून भेटत नाई,” म्हणायचे. “चिठ्ठीत जे निंघालं ते घ्या अन् खेळा.”

त्यांच्या टिपण्या वाचायला बाजूच्या ऑफिसातले लोक यायचे. जपान-कोरियात विश्वचषक झाला, त्या वर्षीची गट ‘अ’ची टिपणी मला अजून पाठ आहे. “फ्रान्स : मागील खेपेचा विजेता. प्रमुख खेळाडूची मांडी दुखावलेली. बाकीच्यांचे वय वाढले असून रुबाब त्याहून वाढला आहे. सेनेगल : प्रथमच येत आहे. यांचे बहुतेक सर्व खेळाडू फ्रान्समध्येच नोकरीस आहेत. सबब, मालकाच्या घराच्या दारेखिडक्या गड्यास ठाऊक आहेत. फ्रान्सबाबत अपेक्षा नाही.” गट ‘फ’मध्ये अर्जेंटिना, इंग्लंड, नायजेरिया आणि स्वीडन एकत्र आलेले. तो गट जाहीर झाला त्या दिवशीच ते म्हणाले होते, “चार सायेब एका ऑफिसात बसवले. काम होनार नाई, निस्ती भांडनं.”

यातली गंमत अशी, की या माणसानं आयुष्यात एकही फुटबॉलचा सामना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. बडेबाबू सानगडीजवळच्या एका खेड्यातले. लहानपण गेलं ते सानगडीच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. घरी बैल नव्हते, वडील दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोवणी करायचे. पण पोरगं पट सुटायच्या आधी प्रत्येक जोडीजवळ जाऊन बसायचं. बैल उभा कसा राहतो, पोट कसं हलतं, कान कुठे आहेत, यावरून जोडी कशी धावेल ते सांगायचं. मोठेपणी वर्तमानपत्रातल्या खेळाडूंचे फोटो तसेच बघायचे. चेहरा झाकून पाय बघायचे. मी एकदा विचारलं, “मग सामना काहून पाहत नाई तुम्ही?” तर म्हणाले, “जोडी सुटल्यावर काय पाहाचं? जे पाहाचं ते सुटायच्या आधी.”

समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानात टीव्ही होता. दिवसा सामने असले की आम्ही पाळीपाळीनं तिकडे सटकायचो. बडेबाबूही यायचे, पण टीव्हीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. खर्रा चघळत लोकांच्या आवाजावरून ओळखायचे. “हा गोल नोहे, हुकला,” असं आमच्याआधी सांगायचे.

गटाचे सामने संपले की फायली बंद. पुढच्या फेऱ्यांत त्यांना काडीचा रस नसे. अंतिम सामन्याच्या दिवशी ते भाजी आणायला गेलेले मी पाहिलेत. त्याचं कारण मला एकदा त्यांनी सांगितलं आणि ते सांगताना नेहमीसारखे हसले नाहीत. “पुढं काय, एक हारला का घरी. गटात तीन सामने भेटतात बाई. एक हारला, दुसरा हारता हारता राह्यला, तरी तिसरा बाकी असते. मी मॅट्रिक तिसऱ्यांदा पास झालो. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली अन् दुसऱ्या दिवशी मले शाळेत घातलं. दोनदा नापास झालो तं गाव म्हने, लावा याले कामाले. बाप म्हने, अजून एक हाये. बस. तेवढंच म्हने, अजून एक हाये.”

आणि त्यांचं आणखी एक पालुपद होतं : “वाचून सही करत जा.” पगारपत्रक असो, रजेचा अर्ज असो, मस्टर असो. कुणी पेन टेकवलं की यांचा आवाज आलाच. कुणी ऐकायचं नाही. सरकारी ऑफिसात वाचून सही करायची म्हटलं तर संध्याकाळपर्यंत दोन कागद होतील.

आता माझं दुखणं सांगते. नोकरी लागल्यावर आम्हाला खात्याची परीक्षा पास व्हावी लागायची. संधी तीन. मी दोनदा नापास झाले होते, तेही एकाच पेपरात : कार्यालयीन कार्यपद्धती. म्हणजे टिपणी लिहिणं. पहिल्यांदा चार गुण कमी पडले, दुसऱ्यांदा दोन. घरी सगळं येत होतं. पेपर हातात आला की हाताला घाम सुटायचा आणि ‘सविनय सादर’च्या पुढे डोकं कोरं व्हायचं. तिसऱ्यांदाही हुकले तर नोकरीवरच पाणी. मी ठरवून टाकलं, नापास होऊन तुमसरला बापाकडे परत जाण्यापेक्षा राजीनामा देऊन जावं. निदान सांगायला तोंड राहील.

हे मी बडेबाबूंना सांगितलं आणि माझी चूक झाली.

“राजीनाम्याचा मसुदा दाखवा,” ते म्हणाले. मी दाखवला. त्यांनी लाल पेनानं तीन दुरुस्त्या केल्या आणि फाडून टाकला. “मसुदा चांगला होता. एवढा चांगला मसुदा लिवनारी बाई टिपनीत नापास होते, हे मले पटत नाई.”

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यापुढे एक कोरा कागद यायचा. गट ‘ड’ची टिपणी तुम्ही लिहा. पोर्तुगाल, पोलंड, अमेरिका, कोरिया. मी कुरकुरत लिहायची. “‘कोरिया चांगला खेळतो’ म्हनजे काय? सरकारी भाषा आहे का हे? ‘कोरिया यजमान असून घरचे कार्य म्हणून अंगावर काम घेईल’ असं लिवा. कारन द्या. मंग शिफारस.” पंधरा दिवसांत मी निम्मं जग पुढच्या फेरीत पाठवलं. पण परीक्षेचा अर्ज मात्र मी भरायला तयार नव्हते. ते जास्त मागे लागले की जेवणाचा डबा उचलून बाहेर व्हरांड्यात जायची.

विश्वचषक सुरू व्हायच्या आधी आमच्या ऑफिसात एक रिवाज होता. दोन्ही मजल्यांचे मिळून आम्ही बत्तीस जण, आणि देशही बत्तीस. समोरच्या दुकानातून पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणायचा, त्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि प्रत्येकानं एक देश उचलायचा. गटाचे सामने संपेपर्यंत तो देश तुमचा. चिठ्ठ्यांतून फक्त फ्रान्स वगळला होता, कारण फ्रान्स साहेबांचा. साहेब कोल्हापूरचे. तिथल्या तालमीच्या संघातून खेळलेले, भंडाऱ्याला बदली म्हणजे शिक्षा समजणारे, आणि या जिल्ह्यात फुटबॉल कळणारा आपण एकटाच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी येऊन सांगितलं होतं, “फ्रान्सचा नाद करायचा नाय.”

मी गुंडात हात घातला. तुर्कस्तान निघालं. सगळे हसले, कारण त्या गटात ब्राझील होतं आणि तुर्कस्तानकडून कुणाला काही आशा नव्हती. शिपाई यशवंतभाऊ म्हणाले, “म्याडमचं नशीबच असं.” मला ते लागलं. मी चिठ्ठी बडेबाबूंच्या टेबलावर आपटली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “बडेबाबू, तुर्कस्तान गटातून निंघालं तं मी परीक्षेले बसीन. नाई निंघालं तं पुन्हा तो विषय काढायचा नाई. आहे मंजूर?”

ते चिठ्ठीकडे बघत राहिले. मग खिशातल्या किल्ल्या एकदा वाजल्या.

“मंजूर,” ते म्हणाले.

यशवंतभाऊंनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून अख्खं ऑफिस तुर्कस्तानच्या मागे लागलं. ज्यांना तो देश नकाशात दाखवता आला नसता, ते मला जिन्यात गाठून “काय म्हनते तुर्कस्तान?” विचारू लागले.

टिपण्या रोज एक याप्रमाणे आम्हाला वाचायला मिळायच्या. ‘अ’ झाली, ‘ब’ झाली. तिसऱ्या दिवशी ‘क’ येणार, म्हणजे माझी. मी डबा न उघडता वाट बघत बसले होते. त्याच दिवशी तो घोटाळा झाला.

फायलींचा सगळा गठ्ठा चुकून डाकेबरोबर साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांना नागपूरला मीटिंगला जायचं होतं, गाडी दारात उभी. त्यांनी गठ्ठा पुढे ओढला आणि सरासर ‘मान्य’ लिहून हिरव्या सह्या करून टाकल्या. यशवंतभाऊ गठ्ठा घेऊन बाहेर आले, सवयीनं वरची फाइल उघडली आणि व्हरांड्यातच उभ्या उभ्या मोठ्यानं वाचू लागले : “‘फ्रान्सबाबत अपेक्षा नाही.’ खाली काय आहे? ‘मान्य’! अरे, सायेबाची सही आहे!”

ऑफिस हसून हसून कोसळलं. साहेब जिन्यावरून परत वर आले.

“बडेबाबू, हे काय? माझ्या सहीनं फ्रान्स बाहेर?”

“सायेब, तुमी मान्य केलं.”

“मी वाचलं नव्हतं!”

“वाचून सही करत जा म्हनतो मी,” बडेबाबू अगदी नम्रपणे म्हणाले, आणि तिथंच सगळं बिघडलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी बडेबाबूंना मेमो मिळाला. खाजगी कागद शासकीय डाकेत घातल्याबद्दल खुलासा करा. चौतीस वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो, आणि निवृत्तीला पाच महिने उरलेले. वर त्यांचं टेबल हॉलमधून उचलून रेकॉर्ड रूममध्ये नेलं. तिथं पंखा नाही, खिडकी एक, तीही गाठोड्यांनी बुजलेली. वरून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस चालू, बाहेर डांबर वितळत होतं.

त्यांनी खुलासा लिहिला : “सदर फायली नजरचुकीने डाकेत समाविष्ट झाल्या. यापुढे फ्रान्सबाबत योग्य ती दक्षता घेण्यात येईल.” तो वाचून लोक पुन्हा हसले. मी नाही हसले. मला राग आला होता. या वयात हा पोरखेळ कशाला, असं मी त्यांना तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मी गट ‘क’ची फाइल मागितली तर म्हणाले, “आता नाई. सायेबाची सही झाली. फायली गोपनीय झाल्या.” आणि कपाटाला कुलूप लावलं.

सलामीचा सामना फ्रान्स आणि सेनेगलचा, ऑफिस सुटायच्या सुमारास. पितळेच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब पुढे खुर्चीवर, पायावर पाय टाकून. बडेबाबू नेहमीप्रमाणे पाठ करून रस्त्याकडे. अर्ध्या तासात सेनेगलनं गोल केला आणि जो गलका झाला, त्यानं दुकानातली टांगलेली गंज-पातेली एकमेकांवर वाजली. बडेबाबूंनी मागे न वळता विचारलं, “गड्यानं केला ना?” साहेब सामना संपेपर्यंत खुर्चीतून हलले नाहीत. मग उठून कुणाकडे न बघता जीपमध्ये जाऊन बसले. पुढे फ्रान्स एकही गोल न करता घरी गेला आणि साहेबांनी त्या आठवड्यात कुणाला रजा दिली नाही.

बडेबाबूंचं भाकीत असं भरारा खरं ठरत असताना मला मनातून उकळ्या फुटत होत्या. म्हणजे तुर्कस्तानचंही त्यांनी काहीतरी बघून ठेवलं असणार. त्याशिवाय ‘मंजूर’ म्हणतील का?

पहिला सामना ब्राझीलशी. तुर्कस्तान आधी एक गोल पुढे! मी दुकानात उडी मारली आणि एक लोटा खाली पाडला. मग बरोबरी, आणि अगदी संपता संपता पेनल्टीवर हार. दुसरा कोस्टारिकाशी, रविवारी. पुन्हा पुढे, पुन्हा शेवटच्या मिनिटांत गोल खाल्ला, बरोबरी. मला हे ओळखीचं वाटलं. चार गुण, मग दोन गुण. सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन मी म्हणाले, “झालं बडेबाबू. माह्यासारखंच आहे ते.”

ते घामानं निथळत जुन्या फायलींवरची धूळ झटकत होते. “अजून एक हाये,” ते म्हणाले. पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

तिसरा सामना गुरुवारी दुपारी बाराला, चीनशी. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर ब्राझील आणि कोस्टारिका. हिशेब असा, की तुर्कस्ताननं नुसतं जिंकून भागणार नव्हतं. ब्राझीलनं कोस्टारिकाला हरवायलाही पाहिजे होतं, आणि चांगलं हरवायला पाहिजे होतं. ब्राझील तर आधीच पुढे गेलेलं. त्यांनी आरामात खेळायचं ठरवलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर होती.

बाराच्या ठोक्याला अर्धं ऑफिस दुकानात. बडेबाबू आले नाहीत. मी बोलावणं पाठवलं, तर यशवंतभाऊ सांगत आले, “कपाट आवरतो म्हनते.” टीव्हीवर ब्राझीलचा सामना होता, तुर्कस्तानचा आकडा खाली पट्टीत दिसायचा. दहा मिनिटांच्या आत तुर्कस्तानचे दोन गोल! इकडे ब्राझीलही सुटलेलं, अर्ध्या वेळेपर्यंत तीन-एक. यशवंतभाऊंनी मला आगाऊच पेढे मागितले.

मग दुसऱ्या अर्ध्यात कोस्टारिकानं आणखी एक मारला. तीन-दोन.

साहेबही आलेले होते, मागे भिंतीला टेकून. फ्रान्स गेल्यापासून ते कुणाशी बोलत नव्हते, पण फुटबॉलच्या माणसाला राहवलं नाही. बोटांवर मोजून म्हणाले, “गोलफरक सारखा झाला. पण कोस्टारिकाचे गोल जास्त. आत्ता या घडीला तुर्कस्तान बाहेर.”

ती पाच-सहा मिनिटं मी कधी विसरणार नाही. कोस्टारिकावाले पुन्हा पुन्हा ब्राझीलच्या गोलवर येत होते आणि मी दोन्ही हातांनी एक पितळी गुंड घट्ट धरून उभी होते. मी किंचाळत होते, “मार ना! मार ना बाप्पा!” आणि किंचाळता किंचाळता मला कळलं, की मला घरी जायचं नाही. राजीनामा, तुमसर, सांगायला तोंड, सगळं खोटं होतं. मला ही नोकरी पाहिजे होती. मला तो पेपर पुन्हा एकदा समोर पाहिजे होता.

ब्राझीलनं चौथा मारला. मला काही दिसलंच नाही, नुसता गलका कानावर आला. त्याच्या मागोमाग पाचवा. शेवटी खालच्या पट्टीत तुर्कस्तानचाही तिसरा उमटला. साहेबांनी कोल्हापूरच्या मैदानात मारावी तशी शिट्टी मारली. मी चप्पल दुकानातच सोडून रस्ता ओलांडला. डांबर पायाला चटके देत होतं आणि मी धावत होते.

“बडेबाबू! तुर्कस्तान निंघालं!”

ते स्टुलावर बसले होते. त्यांनी चष्मा काढला.

“खरंच का?” म्हणाले. “कसं काय निंघालं?”

मी दारातच थबकले. ज्या माणसाला आठही गट पाठ, तो मला विचारत होता कसं काय!

“तुम्हीच तं मंजूर म्हटलं होतं! द्या तो फॉर्म. आता भरते, आताच्या आता.”

ते उठले, कपाट उघडलं आणि दोन फायली माझ्या हातात ठेवल्या. पहिली गट ‘क’. मी भराभर नजर फिरवली. “तुर्कस्तान : अंगात दम आहे, परंतु शेवटच्या मिनिटांत घात होतो. पुढील फेरीबाबत अपेक्षा नाही. शिफारस : ब्राझील व कोस्टारिका.” खाली साहेबांचं हिरवं ‘मान्य’.

दुसऱ्या फाइलवर गटाचं अक्षर नव्हतं. वरती माझं नाव होतं. “विषय : परीक्षेची तिसरी संधी. दोन वेळा थोडक्यात हुकल्या. टिपणी उत्तम लिहितात, पेपरात घाबरतात. यांच्याबाबत पूर्ण अपेक्षा आहे. अर्ज शिफारशीसह पुढे पाठवावा.” खाली तेच हिरवं ‘मान्य’. मागे माझ्या अर्जाची ऑफिस प्रत, माझ्याच सहीची, जावक क्रमांक टाकलेली. अर्ज जाऊन पंधरा दिवस झाले होते. विश्वचषक सुरू व्हायच्या आधी.

सही मी कधी केली, ते आठवायला वेळ लागला नाही. एका सकाळी त्यांनी चार-पाच कागद पुढे केले होते, सेवापुस्तकाचं काम आहे म्हणून. मी सह्या करत गेले. आणि त्या दिवशी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, ते “वाचून करा” म्हणाले नव्हते.

“म्हनजे ती नजरचूक नव्हती?” मी विचारलं. “डाकेत फायली गेल्या ती?”

“एकटा कागद गेला असता तं सायेबानं वाचला असता, तुमाले बोलावलं असतं, तुमी नाई म्हटलं असतं. नऊ फायली कोन वाचते? अन् मंग बोंब झाली तं सगळ्याईचं ध्यान फ्रान्सवर. तुमच्या कागदाकडे कोनी पाह्यलं का?”

“अन् मेमो? चौतीस वर्षांत एक नव्हता तुम्हाले.”

“चौतीस वर्षांत एक तं पाह्यजेच ना,” ते म्हणाले.

“तुर्कस्तान हारलं असतं तं तुमचा शब्द मोडला असता!”

“मोडला असता,” ते म्हणाले. “मले तं वाटे का हारतेच. म्हनून तिकडं आलो नाई. तुमच्या नोकरीपेक्षा माहा शब्द मोठा आहे का?”

मी त्या बिनपंख्याच्या खोलीत फायलींच्या गाठोड्यावर बसून रडले. लाज वाटली, राग आला, आणि इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. त्यांनी खिशातून किल्ल्या काढून खुळखुळ वाजवल्या. “तुर्कस्तानबाबत माही टिपनी चुकली,” म्हणाले. “हे बी एक कपाट किल्लीशिवाय गेलं.”

मी त्याच दुपारी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आणखी एक मेमो. साहेबांनी गट ‘अ’ची फाइल मागवली, ती पहिल्यांदा पूर्ण वाचली, हसले, आणि हिरव्या पेनानं खाली लिहिलं : “अभिप्रायाशी सहमत. गड्याची उपमा योग्य.” मेमोचे त्यांनी माझ्यासमोर चार तुकडे केले. बडेबाबूंचं टेबल दुसऱ्या दिवशी पंख्याखाली परत आलं.

परीक्षा पावसाळ्यात झाली. पेपर हातात आला, हाताला घाम सुटला. प्रश्न होता एका पाझर तलावाच्या दुरुस्तीवर टिपणी लिहिण्याचा. मी डोळे मिटून तो तलाव एका गटात टाकला, समोर अडचणींचे तीन देश उभे केले, प्रत्येकाची परिस्थिती लिहिली, कारणं दिली आणि शिफारस केली. घंटेच्या आधी पेपर झाला.

निकाल आला तो बडेबाबूंच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. शेवटच्या दिवशी हार-नारळ, फोटो, साहेबांचं भाषण, सगळं झालं. लोक पांगल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. हातात माझ्या नावाची ती नववी फाइल. शेवटच्या पानावर त्यांनी निळ्या शाईत नवी टिपणी लिहिली होती आणि तळाशी माझ्या सहीसाठी जागा ठेवली होती.

“एवढं एक बंद करून जातो,” म्हणाले. “करा सही.”

मी पेन काढलं. हात सवयीनं थेट तळाकडे गेला. ते “वाचून करा” म्हणाले नाहीत, नुसते उभे राहिले.

मी हात मागे घेतला, फाइल पहिल्या पानावर नेली आणि ‘विषय’पासून वाचायला सुरुवात केली.